दिवेआगर: चौदा माणसांच्या गोतावळ्याला घरगुती निवास कितपत पुरतो?

घरचे सहा-सात, नागपूर-इंदूरकडून आलेले मावशी-काका, अमेरिकेतून सुट्टीला आलेली भाची, जावई आणि त्यांची मुलं असा चौदा माणसांचा मेळ जमला की समुद्रावर जायचं निघतंच. मग रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं दिवेआगर हे नाव पहिल्या दोन-तीनांत येतं. इथे मोठी हॉटेलं थोडी आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांतले घरगुती निवास जास्त. हे परीक्षण त्या पद्धतीचं आहे, कुठल्या एका घराचं नाही.

निकाल आधीच सांगतो. तीन पिढ्या एकत्र असतील तर दोन रात्रींसाठी याच्याइतकी स्वस्त आणि मोकळी सोय या पट्ट्यात मिळणं अवघड. मात्र ही घरं हॉटेल समजून वापरली तर पहिल्या सकाळीच कुरबुर सुरू होते. इथे खोलीसेवा नाही, मेनूकार्ड नाही, हवं तेव्हा गरम पाणी नाही. सगळं आधी बोलून ठरवायचं असतं. आणि दिवस कसा जाणार हे चेक-इनच्या वेळेवर कमी, भरती-ओहोटीवर जास्त ठरतं.

खोल्यांपासून सुरुवात करू. नेहमीच्या दिवसांत साधी दोघांची खोली साधारण १,२०० ते १,८०० रुपये, एसी खोली २,००० ते ३,००० आणि जादा गादी ३०० ते ५०० रुपये. नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीची सुट्टी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना हाच आकडा सहज दीडपट होतो. चौदा जणांना पाच खोल्या आणि चार गाद्या हे गणित बसतं. सहावी खोली घेऊ नका. दिवसभर सगळे ओटीवर नाहीतर किनाऱ्यावर असतात, ती खोली फक्त बॅगा ठेवायला उरते.

खोली ठरवताना फोनवर चार प्रश्न विचारलेच पाहिजेत, कारण फोटोत ते दिसत नाही. तळमजल्यावर किती खोल्या आणि त्यांतल्या कितींना कमोड? मावशींचे गुडघे दुखत असतील तर बाकी सगळं नंतर. वरच्या मजल्यावर स्लॅब आहे की पत्रा? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली कौलं उडाली, त्यानंतर पुष्कळांनी पत्रे घातले, आणि मार्च ते मे दुपारी पत्र्याखालच्या खोलीत एसीसुद्धा हात टेकतो. वीज गेल्यावर काय? इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही. 'बॅकअप आहे' या उत्तराचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. चौथा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घराची पारख त्यावरून होते: बाहेर पाय धुवायला नळ आहे का? चौदा माणसं दिवसातून दोनदा वाळू घेऊन येणार. बाहेर नळ आणि दगडी मोरी नसेल तर ती वाळू न्हाणीघराच्या जाळीत जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी पाणी तुंबतं. ज्या घरमालकाने बाहेर नळ, चार बादल्या आणि कपडे वाळत घालायला लांब दोरी ठेवली आहे त्याला पाहुण्यांची सवय आहे असं समजावं.

गरम पाण्याचंही तसंच. पंधरा लिटरच्या गिझरमधून मिसळून दीड-दोन बादल्या निघतात आणि पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात. सोलर असेल तर सकाळी पहिल्या पाच-सहा आंघोळींत टाकी गार पडते. मोठी माणसं सकाळी, मुलं किनाऱ्यावरून परतल्यावर, तरुण मंडळी जमेल तेव्हा गार पाण्याने, असं ठरवलं की भांडण नाही. कोकणात गार म्हणजे काही हिमालयातलं गार नव्हे.

डासांबद्दल कुणी आपणहून सांगत नाही. वाड्यांना पाटाने पाणी सोडतात, जमीन ओली राहते, त्यामुळे संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात ओटीवर बसणं म्हणजे रक्तदान. त्या वेळेआधीच दारं-खिडक्या लावा, मलम बरोबर असू द्या. दुसरं म्हणजे गाडी माडाखाली लावू नका. झावळी पडली तरी बॉनेट दबतं, नारळ पडला तर काच गेलीच. घरमालक सावली म्हणून तीच जागा दाखवेल, तरी उन्हात लावा.

परदेशी पासपोर्टवाले पाहुणे असतील तर हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने चोवीस तासांत सरकारकडे त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. नोंदणी केलेल्या निवासांना ते माहीत असतं, पण सगळ्याच घरांची ती तयारी नसते. रात्री आठला पासपोर्ट पुढे केल्यावर घरमालक गांगरला तर दोष त्याचा नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

आता जेवण. दिवेआगरची खरी बाजू हीच, आणि मोठ्या घोळक्याची फजितीही इथेच होते. गावात दोन प्रकारची घरं आहेत. काही ठिकाणी स्वयंपाक कडक शाकाहारी असतो आणि आवारात मासे किंवा मद्य चालत नाही. काही ठिकाणी मासे मिळतात, पण शाकाहारी पान म्हणजे बटाट्याची भाजी आणि डाळ. चौदांत नऊ मासे खाणारे आणि पाच शाकाहारी असतील तर मुक्काम शाकाहारी घरात ठेवावा आणि मासे दोन वेळा बाहेरच्या खानावळीत खावेत. उलट केलं की पाच माणसं चार जेवणं नाक मुरडत जेवतात आणि त्यांची समजूत काढण्यात नऊ जणांच्या तोंडची चव जाते.

ऑर्डरची वेळ ही इथली सगळ्यांत पक्की अट. दुपारचं जेवण हवं तर सकाळी दहाच्या आत आकडा सांगायचा, रात्रीचं हवं तर दुपारी चारच्या आत. त्यानंतर 'अजून तीन ताटं वाढवा' म्हटलं तर ती वाढतात, पण मग सगळ्यांचीच आमटी पातळ होते. आकडा सांगताना मुलांची पानं वेगळी सांगा: बिनतिखटाचं वरण-भात, तूप, पापड. परदेशातून आलेल्या मुलांना कोकणी आमटीचा तिखटपणा पहिल्या दिवशी झेपत नाही, आणि फोडणी पडून गेली की काही करता येत नाही.

शाकाहारी पानात वालाचं बिरडं, केळफुलाची किंवा फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी असा बेत मागावा. मागितल्याशिवाय हे मिळत नाही. न सांगता फ्लॉवर-मटार आणि पनीर येतं, कारण पाहुण्यांना तेच आवडतं असा समज पसरला आहे. बिरड्याचे वाल भिजवून, मोड आणून सोलायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून ते बुकिंग करतानाच सांगायचं. ताट साधारण १५० ते २५० रुपयांना पडतं. केळफूल सोलायला वेळ लागतो म्हणून कुणी त्याचे थोडे जादा मागितले तर घासाघीस करू नये.

उकडीच्या मोदकांचं गणित समजून घ्या. मध्यम नारळाच्या एका चवात गूळ घालून दहा-अकरा मोदक होतात. चौदा जणांना तीन-तीन म्हणजे बेचाळीस, म्हणजे चार नारळ खवायचे, उकड काढून मळायची, पाऱ्या करायच्या, आणि घरच्या मोदकपात्रात एका वेळी पंधरा-वीस मावत असतील तर तीन घाणे लावायचे. एका बाईचं हे तीन तासांचं काम आहे. म्हणून मोदक आदल्या संध्याकाळी सांगायचे आणि नगावर सांगायचे. भाव साधारण २५ ते ४० रुपये नग. आणखी एक खूण: मोदक गार येऊन पारी चिरलेली असेल तर तो सकाळी करून ठेवलेला आहे. पारी तुकतुकीत असेल, नाक मोडून तूप सोडल्यावर आतून वाफ येत असेल, तर तो तुमच्यासाठी उकडला आहे. संकष्टीला, आणि अंगारकीला तर हमखास, गावात गर्दी असते. त्या दिवशी मोदक आधीच करून ठेवलेले मिळण्याचीच शक्यता जास्त.

न्याहारीत घावन मागायचा मोह सगळ्यांना होतो. घावन एकेक निघतं, एकाला दोन-तीन मिनिटं. चौदा जणांना तीन-तीन म्हणजे बेचाळीस घावनं, एका तव्यावर दीड-दोन तास. पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटचा दात घासून आलेला असतो, एवढं ठीक आहे, पण निघायच्या दिवशी हे परवडत नाही. म्हणून मधल्या सकाळी घावन किंवा आंबोळी, निघायच्या दिवशी पोहे नाहीतर उपमा. चहा मोजून मिळतो आणि प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे लागतात, हे नागपूरच्या काकांच्या कानावर घालून ठेवावं.

माशांचं ताट घेताना ताटात काय येतं ते विचारा. सुरमईच्या ताटात बहुधा एक तळलेली तुकडी, वाटीभर कालवण, दोन भाकऱ्या किंवा तीन पोळ्या, भात आणि सोलकढी असते. भाव साधारण ३५० ते ५०० रुपये. पापलेट मोठं असेल तर त्याहून वर. भरपूर मासे खाणाऱ्यांसाठी ताटं वाढवण्यापेक्षा जादा तुकड्या मागवलेल्या बऱ्या, नाहीतर भात-पोळी वाया जाते. काही खानावळी तुम्ही आणलेले मासे करून देतात. मग जवळच्या भरडखोलला होड्या लागल्यावर ताजे घेता येतात. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून येणारा, एवढं पाहिलं की पुरे. अख्ख्या किलोच्या सुरमईतून डोकं, शेपूट आणि पोट गेल्यावर सात-आठ तुकड्या मिळतात, म्हणजे नऊ जणांना दोन किलो हवी. बांगडा आणि बोंबील स्वस्त पडतात आणि इथे सुरमईपेक्षा चांगले करतात, हे आमचं ठाम मत. जून-जुलैत मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बर्फातलीच समजावी.

पोटाच्या तक्रारी निघतात त्या माशांपेक्षा पाण्याने आणि सोलकढीने. नारळाचं दूध उन्हाळ्यात तीन-चार तासांत उतरतं. रात्रीच्या जेवणाला दुपारची सोलकढी आली तर वास घेऊन बघा, आंबूस असेल तर सरळ परत द्या. वाडीतल्या विहिरीचं पाणी इथल्या माणसांना चालतं, बाहेरून आलेल्यांना चालेलच असं नाही. चौदा जणांना दिवसाला वीस लिटरचे दोन जार लागतात. घरमालकाला सांगितलं की तो मागवून देतो. किनाऱ्यावरच्या टपरीतला बर्फाचा गोळा मुलांना देऊ नये, त्यावर कितीही रडारड झाली तरी.

किनारा लांब, सपाट आणि वाळू बारीक, दाबून बसलेली. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं बन आणि केवड्याची बेटं आहेत. समुद्राच्या बाजूच्या वाड्यांतून मागच्या वाटेने पाच-दहा मिनिटांत पाण्याला पाय लागतात. रस्त्यापलीकडच्या घरातून ते अंतर दुप्पट होतं आणि म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी परतताना जड जातं. घर निवडताना एसीपेक्षा ही वाट महत्त्वाची.

पोहायची वेळ ठरवायला कालनिर्णय पुरतं. कोकणपट्टीतला जुना हिशेब असा: त्या दिवसाच्या तिथीला तीनने गुणून चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचांगात पौर्णिमा असेल तर पंधरा गुणिले तीन भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. वद्य पक्षातही मोजणी पुन्हा एकपासून, आणि अमावास्या पौर्णिमेसारखीच पंधरा धरायची. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि ओहोटी दोन भरत्यांच्या मधोमध. या हिशेबात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण सहलीचा दिवस आखायला तो पुरेसा आहे.

मुलांना पाण्यात न्यायचं ते पाणी चढत असताना, म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन-अडीच तासांत. ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. किनारा सपाट असल्याने गुडघाभर पाण्यात चालत चालत माणूस किती आत गेला ते त्याला कळत नाही. तलावात उत्तम पोहणारे परदेशी भाचे इथे जास्त बेफिकीर असतात, त्यांना हे समजावून सांगायला हवं. अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार मिळाला तर भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, ओढ कमी असते आणि दुपारी साडेतीन ते सहा पाणी चढतं असतं. लहान मुलांसाठी याहून चांगली वेळ नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सकाळी नऊ ते अकरा पोहून घ्यावं आणि संध्याकाळी नुसतं फिरावं. तेव्हा ओहोटी दूरवर गेलेली असते आणि क्रिकेट खेळायला मैदान मिळतं.

किनाऱ्यावर बनाना राइड, बंपर, जेट स्की, चार चाकांच्या मोटारसायकली, घोडागाडी असं सगळं आहे. जून ते ऑगस्ट पाण्यातले खेळ बंद असतात. भाव माणशी की फेरीला, आणि फेरी किती मिनिटांची, हे बसण्याआधी ठरवा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून खांद्यांशी वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्या माणसाला मोठं आहे आणि पाण्यात उपयोगाचं नाही. लहान मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर ते मूल किनाऱ्यावरच थांबेल, यात तडजोड नको. बनाना उलटी करून पाण्यात पाडणं हा खेळाचाच भाग समजतात. नको असेल तर चालवणाऱ्याला आधी बजावून सांगायचं. आणि स्वतःची गाडी वाळूवर उतरवू नये. ओली वाळू दिसते घट्ट, पण चाक एका जागी फिरलं की रुतून बसतं. मग भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला त्या घडीला भाव कमी करत नाही.

गावातलं सुवर्ण गणेश मंदिर ज्येष्ठ पाहुण्यांना दाखवायलाच हवं. १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये त्याची चोरी झाली आणि त्यात दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, २०२१ मध्ये परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा मंदिरात बसवला गेला. रूपनारायणाचं देऊळही जवळच आहे, दगडी मूर्ती बघण्यासारखी. दोन्हींना मिळून एक तास पुरतो.

हरिहरेश्वर अर्ध्या दिवसाचं. शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनवरून जाणारा किनाऱ्याकाठचा रस्ता सुंदर आहे आणि वळणांचाही. पुढच्या सीटवर मळमळणाऱ्यालाच बसवा, फोटो काढणाऱ्याला नव्हे. दर्शनाचा क्रम काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव. देवळामागच्या खडकातल्या पायऱ्या उतरून समुद्राकाठाने प्रदक्षिणा करतात. ही वाट ओहोटीतच चालायची. पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी निघून वेळेत बाहेर पडायचं. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत चपला घसरतात, आणि अंगावर येणारी लाट इथे माणसाला ओढून नेते. लोकांचे जीव गेले आहेत. ज्येष्ठांनी पायऱ्यांच्या तोंडाशीच हात जोडावेत, पावसाळ्यात कुणीच खाली उतरू नये. गंमत अशी की प्रदक्षिणेला उधाणाची खोल ओहोटी चांगली, ती पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मिळते, आणि मुलांच्या पोहण्याला भांगाचे दिवस चांगले. एका मुक्कामात दोन्ही साधत नाही. मुलं लहान असतील तर आम्ही भांगाचे दिवस निवडू आणि प्रदक्षिणा सोडू.

जंजिऱ्याचा बेत पाहुणे हटकून काढतात. दिघीहून गाड्या घेणारी फेरी खाडी ओलांडून आगरदांड्याला जाते, पुढे राजपुरीहून शिडाच्या होड्या किल्ल्याकडे सुटतात. होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरताना होडी वर-खाली होते आणि मागून लोक ढकलतात. सत्तरीच्या माणसाला हे नको. गोतावळ्याचे दोन भाग करा, अर्धे जंजिऱ्याला, अर्धे वाडीत दुपारची झोप घेत.

म्हणूनच सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा दोन आठ आसनी गाड्या बऱ्या. ट्रॅव्हलरमध्ये सगळे एकत्र, गाणी-भेंड्या वगैरे होतं, पण वाडीच्या आळीत ती वळत नाही आणि एका मुलाला ताप आला तर चौदाही जणांचा दिवस तिथेच संपतो. चालकाची झोपायची आणि जेवायची सोय घरमालकाशी आधी बोला. ज्याला रात्री ओटीवर डासांत झोपावं लागतं तो दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटात डुलक्या काढतो.

पुण्याहून पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा रस्ता. अंतर एकशे साठेक किलोमीटर, थांबे धरून पाच तास. पहाटे साडेपाचला निघालात तर माणगावच्या चौकातली कोंडी चुकते. शनिवारी दहानंतर तिथे तासभर सहज जातो. उलटीची गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो घेऊन, अलिबाग, मुरुड करत आगरदांडा-दिघी फेरीने येता येतं. वेळ वाचत नाही, पण मुलांना दोन बोटी मिळतात. टाकी आणि रोकड माणगावलाच भरून घ्या. एटीएम पाचेक किलोमीटरवर बोर्ली पंचतनला आहे, पण सुट्टीत ते रिकामं सापडतं, आणि यूपीआयला नेहमी रेंज असतेच असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र बोर्लीला, मोठं सरकारी रुग्णालय श्रीवर्धनला. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दोन दिवसांच्या जादा घ्याव्यात.

पैशांचा हिशेब नातेवाइकांत सगळ्यांत नाजूक. दोन रात्रींचा ढोबळ अंदाज असा: पाच एसी खोल्या २,००० प्रमाणे २०,०००, चार गाद्या ३,२००, दोन शाकाहारी जेवणं ५,६००, दोन वेळा नऊ माशांची ताटं ८,१०० आणि त्याच वेळची पाच शाकाहारी २,०००, दोन न्याहाऱ्या २,२०० च्या आसपास, बेचाळीस मोदक १,२६०. बेरीज बेचाळीस हजारांच्या वर जाते, म्हणजे गाडीखर्च सोडून माणशी तीन हजार. खोल्या कुटुंबागणिक, शाकाहारी ताटं डोक्यागणिक आणि माशांचा फरक खाणाऱ्यांकडून, अशी वाटणी निघण्याआधी सांगून टाकावी. पाच वर्षांखालच्या मुलांचे बहुतेक घरांत पैसे घेत नाहीत, त्यापुढच्या मुलांचं अर्धं पान धरतात. आगाऊ रक्कम तीस ते पन्नास टक्के मागतात. बेत रद्द झाला तर ती परत मिळणार की पुढच्या तारखेला वळती होणार, हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी बोलणं दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने आठवतं.

तारखा ठरवताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. मे महिन्यात आंबा आहे, पण घामही आहे. गणपतीत आणि शिमग्यात पुष्कळ घरं बुकिंग घेत नाहीत किंवा घेतलं तरी लक्ष देऊ शकत नाहीत, कारण त्यांचीच चाकरमानी मंडळी आलेली असतात. एक उणीव खटकते: पावसाळी दुपारी किंवा मुलं कंटाळली तर घरात करण्यासारखं काही नसतं. पत्ते, कॅरम आपलं आपण न्यायचं. वाडीची सावलीही वादळाआधी होती तेवढी दाट अजून नाही. नवी रोपं उभी आहेत, पण माड-पोफळी वाढायला वर्षं घेतात.

निघताना पाहुणे खरेदीला थांबतातच. श्रीवर्धनी रोठा सुपारी, आमसुलं, कोकम आगळ, पोह्याचे पापड घरमालकाकडेच मिळतात आणि बाजारापेक्षा ताजे असतात. आमसुलं काळपट-लाल आणि दाबल्यावर मऊ असावीत, मिठाचे खडे फार दिसत असतील तर वजन मिठाचंच भरतं. आगळाची बाटली प्रवासात फसफसून झाकणातून गळते. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून घट्ट बसवा, दोन पिशव्यांत बांधा आणि विमानाने जाणाऱ्यांनी ती चेक-इनच्या बॅगेत ठेवा. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यामुळे मावशींनी प्रेमाने बांधून दिलेल्या वाट्या विमानतळावर टाकून द्याव्या लागतात. त्या पुण्याच्याच घरी ठेवून घ्याव्यात.